जागतिक तत्त्वज्ञान परिषदेला सोलापूरहून जायचं तर

मी अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवते. कला शाखेत हा विषय 'मार्क देणारा' म्हणून घेतला जातो आणि बारावीच्या निकालानंतर पोरं तो विसरून जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात पंचविसावी जागतिक तत्त्वज्ञान परिषद भरली, तिथं मी पेपर वाचून आले, आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर नवी पेठेत साडी बघताना लोकांनी मला दोनच प्रश्न विचारलेत. खर्च किती आला? आणि तत्त्वज्ञानाची परिषद म्हणजे तिथं करतात तरी काय?

खर्च आधी सांगते, म्हणजे तुमचं मन पुढं लागेल. विमान, व्हिसा, विमा, नोंदणी, आठ रात्री राहणं आणि खाणं धरून दोन लाखांच्या थोडं आत. निम्मे भिशीचे, निम्मे शिक्षकांच्या पतपेढीचे. हप्ते अजून चालू आहेत.

आता परिषद. ही सहसा पाच वर्षांतून एकदा भरते. पहिली भरली पॅरिसला, १९०० साली. १९४८ पासून तत्त्वज्ञान संस्थांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, त्याला फ्रेंच आद्याक्षरांवरून 'फिस्प' म्हणतात. तो यजमान देशातल्या लोकांबरोबर ती भरवतो. मागच्या काही परिषदांचे विषय बघा. इस्तंबूल, २००३: जगाच्या प्रश्नांसमोर तत्त्वज्ञान. सेऊल, २००८: आजच्या तत्त्वज्ञानाचा पुनर्विचार. बीजिंग, २०१८: माणूस व्हायला शिकणं. रोम: सीमा ओलांडणारं तत्त्वज्ञान. शब्द बदलतात, पण आडून विचारलेला प्रश्न एकच असतो, की बाबांनो, आजच्या जगात तुमचं काम काय? आमच्या घरातसुद्धा हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो, फक्त जरा मोठ्या आवाजात.

जायचं ठरवलं असेल तर तिकिटाच्या आधी प्रश्न शोधा. इथं मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि सगळ्यांत मोठी चूकही इथंच केली. त्याआधी काही वर्षं एका परदेशी चर्चासत्राला मी 'कांट आणि जागतिकीकरण' अशा नावाचा गोषवारा पाठवला होता, कांट म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ. दोन ओळींत नकार आला. तेव्हा वाईट वाटलं, आज वाटतं बरं केलं त्यांनी. कांटवर जर्मनीत, अमेरिकेत आयुष्य घालवलेली माणसं आहेत. त्यांच्यासमोर सोलापूरच्या बाईनं दुसऱ्याच्या पुस्तकातून तिसऱ्याचं मत सांगावं, हे ऐकायला कोण बसणार? परिषदेला उसना प्रश्न घेऊन जाऊ नका. तुमच्या पायाखाली कोणता आहे ते बघा.

माझा प्रश्न मला वर्गात मिळाला. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात नंदीध्वजांच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांच्या, सरावाचे दिवस, निम्मा वर्ग गैरहजर. म्हटलं, धडा राहू दे, सिद्धरामेश्वरांची एक गोष्ट सांगते. बाराव्या शतकात सोलापूरचं नाव सोन्नलगी होतं आणि सिद्धराम इथं माणसं जमवून तळं खणत होते, देवळं बांधत होते. अल्लमप्रभू, त्या काळातले कन्नड संतकवी, तिथं आले आणि त्यांनी हाक मारली ती 'वड्ड राम' म्हणून. वड्ड म्हणजे माती-दगडाचं काम करणारा. आपल्या वडार शब्दाचा सख्खा भाऊ. गुरूचा अपमान झाला म्हणून खणणारी माणसं चिडली, त्यांनी अल्लमांवर दगड टाकले. पुढं दोघांचा संवाद होतो आणि अल्लम त्यांना कल्याणला (मुंबईजवळचं नव्हे, कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण), शरणांच्या म्हणजे बसवण्णांबरोबरच्या शिवभक्तांच्या अनुभव मंडपात, त्यांच्या चर्चेच्या सभेत, घेऊन जातात. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात हा प्रसंग सविस्तर आहे. मी नेहमीप्रमाणे तात्पर्याकडे वळले, की कर्म मोठं का ज्ञान मोठं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. म्हणाला, "मॅडम, खणणाऱ्याला खणणारा म्हटलं तर खणणाऱ्यांनाच राग का आला?"

मी गप्प बसले. तास संपला तेव्हा बरं वाटलं.

त्या पोराच्या वाक्यावर माझा पूर्ण पेपर उभा राहिला. कायक म्हणजे कष्ट हीच पूजा असं म्हणणाऱ्या परंपरेच्या गोष्टीत कष्टाचं नाव शिवीसारखं कसं वापरलं जातं, आणि कष्ट करणाऱ्यांनाच ते शिवीसारखं का लागतं? मग पुढचं आपोआप आलं. ज्ञानाची जागा म्हणजे मंडप, आणि तळ्याचा काठ म्हणजे नुसतं कामाचं ठिकाण, ही वाटणी कुणी केली? याचं उत्तर मला मिळालं नव्हतं आणि पेपरात मी तसं लिहिलंही. त्याचा तोटा झाला नाही.

तेव्हा पहिली कसोटी अशी लावा: तुमचा प्रश्न अकरावीच्या वर्गात, किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या शेजाऱ्याला, दोन मिनिटांत सांगून बघा. तो म्हणाला 'मग?', तर प्रश्न चालतो. 'छान आहे की' म्हणाला तर समजा, बसलेला नाही.

साधनांसाठी मोठ्या विद्यापीठाचं गाव लागतं ही समजूत काढून टाका. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ पासून आहे, तीन खंड. संज्ञा अडली की आधी तिथं जा. पुण्याच्या विद्यापीठातून निघणारं तत्त्वज्ञानाचं नियतकालिक 'परामर्श' जुन्या अंकांसकट चाळा. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था काढली, तेव्हा अमळनेर काही ऑक्सफर्ड नव्हतं. आणि आपल्याच गावात जीवराज जैन ग्रंथमाला आहे. जैन तत्त्वज्ञानाचे प्राकृत-संस्कृत ग्रंथ आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या देखरेखीखाली या मालेतून निघाले, आणि जगभरच्या ग्रंथालयांत त्यांच्या मुखपृष्ठावर 'सोलापूर' छापलेलं आहे. स्याद्वादावर, म्हणजे कोणतंही विधान एका बाजूनंच खरं असतं या जैन मतावर, पेपर करायचा असेल तर तुम्ही रिक्षानं जाऊ शकता अशा अंतरावर बसला आहात. मला वचनांसाठी, म्हणजे शरणांच्या छोट्या कन्नड रचनांसाठी, कन्नड लागलं, ते मला धड येत नाही. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता अर्थ सांगितले. पेपरात मी त्यांचे आभार मानले आणि छापील प्रत नेऊन दिली, तर म्हणाल्या, "ह्यात माझं नाव कुठंय ते खूण करून दे."

लिहायचं मराठीत. मग इंग्रजी करायचं. उलटं केलंत तर वाक्यं गुळगुळीत होतात आणि आत काहीच राहत नाही. या परिषदेत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषा चालतात. मराठी चालत नाही, त्यामुळं भाषांतर टळत नाही. पण अस्सल शब्द तसेच ठेवा. 'कायक'चं इंग्रजी करायला गेले तर ते कामाच्या शिस्तीसारखं काहीतरी कारखान्याच्या पाटीवरचं झालं. शेवटी मी शब्द तसाच ठेवला आणि एकदाच, एका उदाहरणानं उलगडला. श्रोत्यांना एक परका शब्द शिकायला आवडतो. सहा शिकवलेत तर वही मिटतात.

शब्दमर्यादा दर वेळी वेगळी असते, तेव्हा त्या वर्षीचे नियम वाचा. अथेन्सला, २०१३ साली, पेपर १८०० शब्दांपर्यंत मागितला होता. म्हणजे हा लेख आहे साधारण तेवढा. एमएच्या प्रबंधातलं प्रकरण तिथं मावणार नाही; ते कापायला बसू नका, नव्यानं लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. गोषवारा स्वीकारल्याचं पत्र आलं की लगेच लवकर नोंदणीची सवलत घ्या, फरक बराच पडतो. युरोपचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. मोठ्या माणसाला फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा हवाच. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, सोलापूरहून म्हणजे एक रात्र सिद्धेश्वर एक्सप्रेसची आणि मुंबईतला एक दिवस. संस्थेचा ना हरकत दाखला सगळ्यांत आधी मागा, कारण ऑगस्टमध्ये कॉलेज ऐन भरात असतं आणि "तत्त्वज्ञानासाठी रजा?" या वाक्यावर फाइल काही आठवडे बसू शकते. माझी बसली होती. प्रवास अनुदानासाठी भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषदेच्या योजना असतात, त्यांची मुदत आधी बघा. मी बघितली ती संपल्यावर.

बॅगेत: कडक भाकरी, शेंगा चटणी, सुती कपडे, मोकळी बाटली. कडक भाकरी आठ दिवस टिकते, तिला काही लागत नाही, आणि तुटली तरी चुरा चालतो. ऑगस्टमधलं रोम म्हणजे आपला एप्रिल समजा. दुपारी दोनच्या सत्रानंतर वसतिगृहाच्या खोलीत भाकरी-चटणी खाऊन पडणं, याला मी त्या आठवड्यातली सर्वांत शहाणी कृती मानते. शेजारच्या खोलीतल्या एका पोलिश बाईंनी चटणी चाखली, पाणी पिऊन आल्या आणि परत मागितली.

तिथं पोहोचल्यावर पहिली भीती वेळापत्रकाची. एकाच वेळी डझनावारी खोल्यांत सत्रं चालू असतात. नामवंतांची व्याख्यानं, गोलमेज, संस्थांच्या बैठका, विद्यार्थ्यांची सत्रं, आणि आपल्यासारख्यांचे पेपर. पहिल्या दिवशी मी लग्नघरात पाहुणी शिरावी तशी या खोलीतून त्या खोलीत फिरले आणि रात्री आठवायला बसले तर काही हाती नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: दिवसाला तीनच सत्रं. एक आपल्या विषयाचं, एक ज्यातलं काही कळत नाही असं, आणि एक अगदी रिकाम्या खोलीतलं. तिसऱ्याचा फायदा मोठा. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती, आणि तिथं जे ऐकलं ते बहुतेक वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. चार डोकी असलेल्या खोलीत मात्र वक्ता तुमच्याकडे बघून बोलतो, आणि संपल्यावर तुमच्याबरोबर जिना उतरतो.

माझ्या पेपराला सात माणसं होती, त्यातली दोन माझ्याच वसतिगृहातली. वीस मिनिटं मिळणार म्हणून वीस मिनिटांची तयारी. पण आधीच्या दोघांनी वेळ खाल्ला आणि अध्यक्षांनी मला सांगितलं, नऊ मिनिटांत आटपा. माझा घसा कोरडा पडला. मी प्रस्तावना सोडली, बाराव्या शतकाचा इतिहास सोडला, मागच्या बाकावरच्या पोराचं वाक्य आधी सांगितलं आणि मग गोष्ट. तुम्ही जाल तेव्हा घरूनच तीन प्रती तयार ठेवा: वीस मिनिटांची, बाराची आणि सातची. आणि सातच्या प्रतीत सर्वांत चांगलं ते पहिल्या मिनिटात ठेवा. खरं सांगायचं तर माझी नऊ मिनिटांची प्रत वीसच्यापेक्षा बरी झाली, पण हे अध्यक्षांना सांगायचं कारण नाही.

वाचताना डोकं वर काढा. प्रत्येक पानाच्या शेवटी पेन्सिलीनं 'वर बघ' लिहा. हसू नका, मी लिहिलं होतं.

प्रश्न विचारायची वेळ आली की आपल्याकडची सवय विमानतळावरच सोडून या. आपल्या चर्चासत्रांत माणूस माइक घेतो, "प्रश्न असा नाही, फक्त एक निरीक्षण" म्हणतो आणि स्वतःचं भाषण सुरू करतो. तिथंही ही जमात आहे, आणि भाषा कोणतीही असो, ती पहिल्या वाक्यात ओळखू येते. प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासकट. उत्तर पटलं नाही तर एकदाच पुन्हा विचारा, मग बाहेर गाठा. तुम्हाला कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर "येत नाही, विचार करते" म्हणा. मला एका तरुण मेक्सिकन प्राध्यापकानं विचारलं, या गोष्टीत दगड मारणाऱ्यांपैकी कुणाचं नाव आहे का? मी म्हटलं, मी वाचलंय त्यात तरी नाही. तो म्हणाला, मग तुमचा पेपर त्याच्यावर आहे. मी ते तिथंच समासात लिहून घेतलं.

आणि बाहेर गाठणं हेच खरं काम. तर्कशास्त्राची शिक्षक म्हणून याचा एक पुरावा देते. १९०० च्या त्या पहिल्या पॅरिस परिषदेत बर्ट्रांड रसेल नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या इंग्रज तत्त्वज्ञाची गाठ इटलीच्या ज्युसेप्पे पेआनो या गणितज्ञाशी पडली. वादात पेआनो इतरांपेक्षा नेमकं बोलतो, हे रसेलच्या लक्षात आलं. त्यानं त्याचे ग्रंथ मागून घेतले आणि घरी जाऊन त्यांत बुडून गेला. माझ्या वर्गातली पोरं 'जर-तर'साठी घोड्याच्या नालेसारखी जी खूण काढतात, ती पेआनोच्या चिन्हावरूनच रसेलमार्फत पाठ्यपुस्तकांत पोहोचली. पॅरिसच्या त्या भेटीतलं काहीतरी सोलापूरच्या फळ्यावर रोज खडूनं लिहिलं जातं. १९२६ च्या हार्वर्डच्या परिषदेला राधाकृष्णन गेले होते. त्यांनाही व्यासपीठाइतकीच माणसं मिळाली असणार.

तेव्हा चहाच्या सुट्टीत आपल्या देशाच्या घोळक्यात उभं राहू नका. मोह होतो, कारण तिथं मराठी ऐकू येतं. पहिल्या दिवशी तेवढं चालेल.

एक अर्धा दिवस शहरासाठी ठेवा. कोलोसियम सगळे बघतात. तुम्ही सकाळी काम्पो दे' फियोरी या चौकात जा. तिथं भाजीबाजार भरतो आणि मधोमध जोर्दानो ब्रूनो या इटालियन तत्त्वज्ञाचा पुतळा आहे, डोक्यावर टोपी ओढून खाली बघणारा. १७ फेब्रुवारी १६०० रोजी याच चौकात त्याला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळलं; पुतळा बसला १८८९ साली. टोमॅटोच्या टोपल्या, भाव करणाऱ्या बायका आणि वर हा. परिषदेत 'आज तत्त्वज्ञानाचा उपयोग काय' यावर चार दिवस ऐकलं होतं. त्या चौकात वाटलं, उपयोग नसता तर कुणी जाळायची तसदी घेतली नसती.

बाटली मोकळी न्यायला सांगितली ती यासाठी, की रोमच्या रस्त्यांवर लोखंडी नळ आहेत, त्यांना 'नाझोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. त्यांतून दिवसरात्र पिण्याचं गार पाणी वाहत असतं. तोटीचं खालचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते आणि थेट तोंड लावून पिता येतं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथून आलेल्या बाईला हे बघवत नाही. मी पहिल्यांदा तोटी बंद करायला चावी शोधली होती. चावी नसतेच. पेपरात नसलेलं सिद्धरामांचं एक वाक्य तिथं मला सुचल्यासारखं झालं, पण ते त्यांचं नाही, म्हणून लिहीत नाही.

परत आल्यावर बोर्डिंग पास, पावत्या, प्रमाणपत्र एका पिशवीत. अनुदान असेल तर हिशेबाला ते लागतात, नसेल तर प्राप्तिकरवाल्या भावाला दाखवायला. आठवड्याच्या आत ज्यांची कार्डं घेतली त्यांना एकेक ओळ लिहा; महिन्यानं लिहिलंत तर चेहरा आठवत नाही, तुम्हालाही आणि त्यांनाही.

आणि नोव्हेंबरची वाट बघा. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन. २००२ पासून पाळतात. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी शाल, श्रीफळ, स्लाइड्स आणि आभारप्रदर्शन होतं. तसं करू नका. तळ्याच्या काठाला किंवा कॉलेजच्या मोकळ्या वर्गात गोल बसा, खुर्च्या रांगेत लावल्यात की संपलं. वेळ संध्याकाळची ठेवा, म्हणजे दिवसपाळीवाल्यांना येता येईल. विषय जाहीर करू नका, एक प्रश्न कागदावर लिहून मध्ये ठेवा. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, ज्याला जी येते ती. शेजारच्यानं अर्थ सांगायचा. कुणालाही सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही, मुख्याध्यापकांनासुद्धा. मी रोमहून आल्यावर त्या नोव्हेंबरात हे करून बघितलं. कागदावर मागच्या बाकावरच्या त्या पोराचा प्रश्न होता आणि तो स्वतः वडिलांना घेऊन आला होता. वडील पूर्ण वेळ काही बोलले नाहीत. उठताना कागद उचलून वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. अकरा माणसं आली होती. चहा वीस जणांचा सांगितला होता, तो उरला नाही.